आधी धुणं, मग वाफ : ऑपरेशनच्या अवजारांचा साबण कसा बदलत गेला

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी आजचा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलण्याच्या ओघात येणारे 'बरं का' आणि 'बघा' तसेच ठेवलेत, सांभाळून घ्या.

तारापूर म्हटलं की आपल्यासारख्या इतिहासवेड्यांना दोन गोष्टी आठवतात. एक, 1739 सालचा किल्ला. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत पोर्तुगीजांकडून घेतलेला. आणि दुसरी, 1969 साली सुरू झालेलं देशातलं पहिलं अणुवीज केंद्र. आज मात्र तिसऱ्या तारापूरबद्दल बोलायचंय. एमआयडीसीच्या तारापूरबद्दल. नाव तारापूरचं, पण वसलीय बोईसरला लागून. औषधं, रंग, कापड, पोलाद आणि रसायनं. या रसायनांमध्ये एक मोठा गट आहे सर्फॅक्टंटचा. 1980 साली सुरू झालेल्या गॅलेक्सी सर्फॅक्टंट्स या कंपनीचे कारखाने इथे आहेत. आपल्या शाम्पूत, टूथपेस्टमध्ये, फेसवॉशमध्ये जो मळ सोडवणारा पदार्थ असतो, तो असल्या कारखान्यांतून येतो.

सर्फॅक्टंट म्हणजे काय, ते सुरुवातीलाच सांगून टाकतो. त्याच्या रेणूचं एक टोक पाण्याशी सलगी करतं आणि दुसरं टोक तेलाशी. तेलकट मळाला एका टोकाने धरायचं आणि दुसऱ्या टोकाने पाण्यात ओढायचं, हे त्याचं काम. साबण असो, डिटर्जंट असो, मुळात युक्ती हीच. आपल्या आज्या रिठ्याने रेशमी साड्या धुवायच्या, त्या रिठ्यातही निसर्गाने बनवलेला सर्फॅक्टंटच असतो.

आता याच परिसरात, म्हणजे बोईसर, पालघर, डहाणूला, लहानमोठी इस्पितळं आहेत. तिथे सिझेरियन होतात, हर्नियाची ऑपरेशनं होतात, मोतीबिंदू काढले जातात. प्रत्येक ऑपरेशननंतर रक्ताने माखलेले चिमटे, कात्र्या, आर्टरी फोर्सेप्स एका ट्रेमधून धुण्याच्या खोलीत जातात. तिथे एक बादली किंवा सिंक असतं आणि त्या पाण्यात काहीतरी घातलेलं असतं. ते 'काहीतरी' काय असावं, एवढाच आजचा प्रश्न. ऐकायला किरकोळ वाटतो, पण त्याचं उत्तर मिळवायला दीडशे वर्षं लागली आणि वाटेत माणसं मेली.

मुल्कोवालचा चिमटा

गोष्ट सुरू होते मुंबईत, परळला. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिन यांनी इथेच प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी 1897 मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा पुढे परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. तीच आजची हाफकिन संस्था. तिथून लाखो लोकांसाठी लस देशभर जाऊ लागली.

30 ऑक्टोबर 1902. पंजाबातलं मुल्कोवाल नावाचं गाव. त्या दिवशी तिथे शंभरावर लोकांना लस टोचली. त्यातल्या एकाच बाटलीतून, 53 एन क्रमांकाच्या बाटलीतून, ज्या 19 जणांना लस मिळाली होती त्यांना पुढच्या काही दिवसांत धनुर्वात झाला. एकोणीसच्या एकोणीस दगावले. बाकीच्या बाटल्यांमधून लस घेतलेल्यांना काही झालं नाही.

सरकारी चौकशीने ठपका परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिन यांनी लसीत कार्बोलिक ॲसिड घालणं थांबवून उष्णतेवर भर दिला होता, त्यावर बोट ठेवलं गेलं. हाफकिन यांना काम सोडावं लागलं. पण चौकशीच्या कागदांमध्येच एक छोटा तपशील होता. गावात बाटली उघडताना सहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. त्याने तो उचलला, कार्बोलिकच्या पाण्यात बुडवून हलवला आणि त्याच चिमट्याने बाटलीचं बूच ओढलं. 1907 मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून हे मांडलं आणि हाफकिन यांच्यावरचा डाग पुसला गेला.

ही गोष्ट बहुतेक वेळा हाफकिन यांच्यावरच्या अन्यायाची म्हणून सांगितली जाते, आणि ते बरोबरच आहे. पण आज आपण फक्त त्या चिमट्याकडे बघू. गावच्या मातीत धनुर्वाताचे बीजाणू असतात. कार्बोलिकमध्ये घाईघाईने बुडवल्याने ते मरत नाहीत. चिमटा आधी घासून धुतला असता तर माती निघाली असती आणि तिच्यासोबत बहुतेक बीजाणूही. मग उरलेल्यांसाठी उष्णता होती. इथे जंतुनाशक होतं, पण धुणं नव्हतं. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढची शंभर वर्षं हीच चूक वेगवेगळ्या वेषांत भेटणार आहे.

नाव मारणाऱ्याचं, काम धुणाऱ्याचं

शस्त्रक्रियेच्या इतिहासातले नायक सगळे जंतू मारणारे आहेत. 1867 मध्ये जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक ॲसिडचे प्रयोग छापले. पाश्चर यांचे सहकारी शार्ल शांबरलां यांनी 1879 च्या सुमारास ऑटोक्लेव्ह बनवला. ऑटोक्लेव्ह म्हणजे सोप्या शब्दांत मोठा प्रेशर कुकर. दाबाखालची वाफ 121 अंशांवर साधारण 15 मिनिटं, किंवा 134 अंशांवर 3 मिनिटं प्रत्यक्ष पृष्ठभागाला लागली की बीजाणूसुद्धा मरतात.

'प्रत्यक्ष पृष्ठभागाला लागली' हे महत्त्वाचं, बरं का. वाफ मारते, पण धूत नाही. कात्रीच्या बिजागरीत वाळलेलं रक्त असेल तर त्या पापुद्र्याखाली वाफ नीट पोचत नाही. उलट उष्णतेने रक्त शिजून तिथेच घट्ट बसतं. भातुकं लागलेलं पातेलं न घासता पुन्हा गॅसवर ठेवलं तर काय होतं, ते सांगायला नको.

ज्याने हे ओळखून पहिला सोपा उपाय दिला, त्याचं नाव मात्र फारसं कुणी घेत नाही. बर्लिनचे कुर्ट शिमेलबुश. 1892 च्या त्यांच्या पुस्तकात त्यांनी सांगितलं की धातूची अवजारं नुसत्या पाण्यात उकळू नका, एक टक्का सोड्याच्या पाण्यात उकळा. आपला धुण्याचा सोडा, तोच. त्या एका सोड्याने तीन कामं व्हायची : चरबी आणि रक्त सैल पडायचं, जंतू लवकर मरायचे आणि लोखंड गंजायचं नाही. त्या काळी स्टेनलेस स्टील नव्हतं, ते शेफिल्डमध्ये 1913 मध्ये आलं. त्यामुळे गंज हा मोठाच प्रश्न होता. शिमेलबुशचं आणखी एक देणं तुम्ही पाहिलेलं असेल. ड्रेसिंगचं सामान ठेवायचा, बाजूला भोकं असलेला तो गोल स्टीलचा ड्रम. आपल्या कितीतरी इस्पितळांत तो अजून आहे.

सोड्याचं पाणी म्हणजे अवजारांसाठी विचारपूर्वक निवडलेला पहिला 'डिटर्जंट' म्हणायला हरकत नाही. धातू कोणता, घाण कसली, पाणी कसं, या तिन्हींचा विचार त्यात होता.

साबण का हरला

मग साधा साबण का नाही चालत? कारण पाणी. शाळेत आपण 'दुष्फेन पाणी' शिकलो, ज्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबण त्या क्षारांशी जुळतो आणि त्याचा चिकट पांढरा साका बनतो. बोअरवेलच्या पाण्याने साबण लावला की बादलीच्या कडेला जे वर्तुळ राहतं, तेच ते. कपड्यावर ते चालून जाईल. आर्टरी फोर्सेप्सच्या दातांमध्ये बसलं तर घाण काढायला गेलो आणि नवी घाण घालून आलो, असं होतं.

पहिल्या महायुद्धात जर्मनीत चरबीची टंचाई झाली. साबण बनवायचा कशातून? 1917 मध्ये तिथे 'नेकाल' नावाचा कृत्रिम सर्फॅक्टंट आला. चरबी न वापरता बनवलेला आणि जड पाण्यातही न हरणारा. अमेरिकेत 1946 मध्ये 'टाइड' आलं. भारतात 1959 मध्ये 'सर्फ' आणि 1969 मध्ये अहमदाबादच्या करसनभाई पटेलांचं 'निरमा'. हा साबणापासून डिटर्जंटकडे झालेला प्रवास आपल्या घराघरांतून गेला.

आणि घरातून तो इस्पितळातही शिरला. लहान नर्सिंग होममध्ये कपड्यांची पावडर, भांड्यांचा बार किंवा लिक्विड आणि जुना टूथब्रश, हे दृश्य अनोळखी नाही. त्यात हेतू वाईट नसतो. स्वस्त असतं, हाताशी असतं आणि फेस येतो, म्हणजे स्वच्छ झालं असं वाटतं. पण फेसाचा आणि स्वच्छतेचा संबंध आपल्या मनात जाहिरातींनी जोडलाय. अवजारांच्या बाबतीत फेस चक्क शत्रू आहे. फेसाखाली धारदार ब्लेड दिसत नाही आणि धुणाऱ्याचा हात कापतो. मशीनमध्ये फेस झाला तर पाण्याच्या फवाऱ्याचा जोर जातो. अल्ट्रासॉनिक टबमध्ये ध्वनीलहरींनी सूक्ष्म बुडबुडे फुटून मळ उडतो, तिथेही फेस आडवा येतो. शिवाय कपड्यांच्या पावडरीत सुगंध असतो, कापड पांढरं दाखवणारी द्रव्यं असतात, भरावाचे क्षार असतात. ते अवजारावर राहिले तर थेट माणसाच्या पोटात जाणार. आणि भांडी घासायची खरखरीत पावडर स्टीलवर बारीक ओरखडे पाडते. पुढच्या वेळी घाण आणि गंज तिथेच घर करतात.

रक्त कापणारी कात्री

रक्त म्हणजे मुख्यतः प्रथिनं. सर्फॅक्टंट तेलकट मळाशी छान लढतो, वाळलेल्या प्रथिनाशी मात्र त्याची दमछाक होते. त्यावरचा उपाय आपल्याच पोटात होता. अन्न पचवणारी एन्झाइम, म्हणजे शाळेच्या पुस्तकातली विकरं. जर्मनीच्या ओटो र्‍योम यांनी 1913 मध्ये जनावरांच्या स्वादुपिंडातल्या एन्झाइमने कपडे धुण्याचं पेटंट घेतलं. पण ती एन्झाइम फार टिकाऊ नव्हती. 1960 च्या दशकात जिवाणूंपासून मिळवलेलं प्रोटिएज बाजारात आलं आणि चित्र बदललं. प्रोटिएज म्हणजे प्रथिनांची लांब साखळी कापणारी कात्री. लायपेज चरबीसाठी, अमायलेज पिष्टासाठी. आज इस्पितळात 'एन्झायमॅटिक' म्हणून जो कॅन येतो, त्यात यातलं एक किंवा अनेक असतात.

पण या कात्रीच्या तीन अटी आहेत. पहिली, तापमान. बहुतेक उत्पादनांना कोमट पाणी लागतं, साधारण 35 ते 45 अंश, नेमका आकडा कॅनवर दिलेला असतो. 'गरम पाण्याने जास्त स्वच्छ निघेल' म्हणून कुणी उकळतं पाणी ओतलं तर रक्त गोठतं आणि एन्झाइमही निकामी होतं. दुसरी, वेळ. भिजत ठेवावं लागतं. तिसरी अट सगळ्यात जास्त विसरली जाते : एन्झाइम जंतू मारत नाही. सकाळचं द्रावण संध्याकाळपर्यंत वापरलं तर त्यात जंतू मजेत वाढतात. प्रत्येक फेरीला ताजं द्रावण हवं.

आणि एक किंमत आहे, ती कामगारांनी मोजली. 1969 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये फ्लिंट या ब्रिटिश डॉक्टरांचा लेख आला. एन्झाइमवाली पावडर बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांना दम्यासारखा त्रास होत होता. हवेत उडणारी एन्झाइमची धूळ फुप्फुसांत जात होती. त्यानंतर उद्योगाने एन्झाइमचे दाणे आवरणात बंद करायला सुरुवात केली. बघा, तारापूरचं अणुवीज केंद्र, निरमा आणि हा लेख, तिन्ही एकाच वर्षातले. बोईसरसारख्या कारखान्यांच्या गावाला या लेखाचा अर्थ वेगळा समजावायला नको. इस्पितळातही तोच धडा लागू आहे : द्रावण हवेत फवारत बसू नका, ब्रश पाण्याखाली धरून घासा, हातमोजे आणि चष्मा घाला.

भीतीने भरलेली बादली

1986 मध्ये भारतात एचआयव्हीची पहिली नोंद झाली. त्यानंतर इस्पितळांत भीती पसरली, आणि ती समजण्यासारखी होती. रक्ताळलेलं अवजार हातात घ्यायचं कसं? उपाय म्हणून आरोग्य प्रशिक्षणांमध्ये अनेक वर्षं शिकवलं गेलं की अवजार आधी 0.5 टक्के क्लोरीनच्या द्रावणात 10 मिनिटं बुडवा, मग धुवा. आपल्या सरकारी आणि खासगी इस्पितळांतल्या एका पिढीच्या सिस्टर, मावशी आणि वॉर्डबॉय हेच शिकून तयार झाले.

क्लोरीनचं पाणी रक्ताला भेटलं की त्याचा जोर रक्तावरच खर्च होतो. आणि क्लोराइड स्टेनलेस स्टीलला टोचे पाडतं. 'स्टेनलेस' म्हणजे डाग न पडणारं, पण क्लोराइडपुढे त्याचंही काही चालत नाही. सलाईनमध्ये अवजारं भिजत ठेवली तरी तेच होतं. अखेर 2016 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या मार्गदर्शिकेत स्पष्ट सांगितलं की धुण्याआधी जंतुनाशकात बुडवण्याची पद्धत नको. आधी डिटर्जंटने धुणं, तेही धुणाऱ्याच्या हाताला पूर्ण संरक्षण देऊन. मुल्कोवालच्या चिमट्यापासून इथवर यायला एकशे चौदा वर्षं लागली.

जे.जे. आणि अरुंद नळ्या

31 मे 1990 ला मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. भारतातली ही पहिली तशी शस्त्रक्रिया. मोठा छेद गेला, चार छोटी भोकं आली, रुग्ण लवकर घरी जाऊ लागला. पुढे हे तंत्र तालुक्याच्या गावांपर्यंत पोचलं.

पण या शस्त्रक्रियेची अवजारं वेगळी. लांब, पोकळ, आतून अरुंद, वर इन्सुलेशनचं आवरण. ब्रश आत जाणार तरी कसा? आणि बरीचशी उष्णता न सोसणारी, म्हणून ती ग्लुटाराल्डिहाइडमध्ये बुडवून ठेवायची पद्धत पडली. ग्लुटाराल्डिहाइडचा आणखी एक उपयोग ऐका : कातडं कमावायला. प्रथिनांना एकमेकांशी जखडून टाकणं हाच त्याचा गुण. म्हणजे नळीत रक्त शिल्लक असेल आणि तुम्ही ती ग्लुटाराल्डिहाइडमध्ये टाकली, तर ते रक्त तिथे अक्षरशः कमावलं जातं. मग कुठलाही साबण ते सहज काढत नाही.

भारतातल्या शल्यचिकित्सकांना लॅपरोस्कोपीनंतर आठवड्यांनी त्या भोकांपाशी येणारी, न भरणारी जखम ठाऊक आहे. क्षयाच्या जंतूच्या चुलतभावांनी होणारा तो संसर्ग. महिनोन्‌महिने औषधं घ्यावी लागतात. ब्राझीलच्या रिओ दि जानेरोत 2006 आणि 2007 मध्ये अशा संसर्गाची साथच आली. 63 इस्पितळांत 1051 संभाव्य रुग्ण. तिथला जंतू 2 टक्के ग्लुटाराल्डिहाइडला दाद देत नव्हता. रसायनावर भरवसा ठेवून धुण्याकडे काणाडोळा केला की काय होतं, त्याचं हे मोठं उदाहरण.

ब्रिटनमध्ये तोच धडा वेगळ्या वाटेने आला. 1996 मध्ये तिथे 'मॅड काऊ' आजाराचा माणसांतला प्रकार जाहीर झाला. त्याचं मूळ असलेला प्रायॉन म्हणजे बिघडलेलं प्रथिन. ते नेहमीच्या ऑटोक्लेव्हला पुरतं दाद देत नाही. म्हणजे मारता येत नसेल तर धुऊनच काढायला हवं. 2001 मध्ये ब्रिटिश सरकारने अवजारं धुण्याच्या व्यवस्थेसाठी 20 कोटी पौंड जाहीर केले. धुणं ही मागच्या खोलीतली गोष्ट पहिल्यांदा अर्थसंकल्पात आली.

साबणच विष झाला तर

आता उलटी बाजू. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर एक-दोन दिवसांत डोळा लाल, धूसर होतो. जंतुसंसर्ग वाटतो, पण तपासणीत जंतू सापडत नाहीत. याला डॉक्टर 'टास' म्हणतात, डोळ्याच्या पुढच्या भागाला विषारी द्रव्याने आलेली सूज. त्याची कारणं अनेक, त्यातलं एक म्हणजे अवजारावर राहिलेला डिटर्जंट किंवा एन्झाइमचा अंश. ऑटोक्लेव्हमधून काढल्यावरही तो अंश त्रास देऊ शकतो. म्हणून डोळ्याच्या बारीक अवजारांसाठी एन्झाइम वापरायचं की नाही, हे उत्पादकाच्या सूचना बघून ठरवतात, आणि वापरलं तर भरपूर शुद्ध पाण्याने, नळ्यांच्या आतूनही, विसळतात. उत्तम डिटर्जंट तोच, जो काम करून पूर्ण निघून जातो.

मग बादलीत काय घालायचं?

इतिहास सांगून झाला, आता त्याचा उपयोग. बोईसरच्या एखाद्या वीस खाटांच्या इस्पितळात डिटर्जंट निवडायचा असेल, तर या दीडशे वर्षांनी पाच प्रश्न हातात दिलेत.

एक, घाण कसली? रक्त आणि मांसल भाग असेल तर प्रोटिएज असलेलं, चरबी जास्त असेल तर लायपेजही. गंजाचे डाग किंवा पांढरा थर असेल तर तो एन्झाइमचा प्रांत नाही, त्यासाठी आम्लधर्मी द्रव्य असतं आणि तेही कधीमधी.

दोन, धातू कोणता? स्टेनलेस स्टीलला तटस्थ किंवा सौम्य अल्कली चालतं. ॲल्युमिनियमचे डबे आणि ट्रे तीव्र अल्कलीने काळे पडतात. तीव्र अल्कली रक्त छान काढतं, पण ते मशीनसाठी. हाताने धुण्यासाठी नाही.

तीन, पाणी कसलं? आपल्या किनारपट्टीवर विहिरी मचूळ, बोअरवेल जड. एमआयडीसीला आणि गावांना सूर्या प्रकल्पाचं पाणी मिळतं, पण टँकर आला की हिशेब बदलतो. जड पाण्यात क्षार धरून ठेवणारा घटक असलेला डिटर्जंट हवा. आणि शेवटचं विसळणं आरओ किंवा डिस्टिल्ड पाण्याने. नाहीतर क्लोराइड आणि चुना अवजारावरच वाळतात.

चार, धुणार कसं? हाताने असो, अल्ट्रासॉनिक असो वा मशीन, कमी फेसाचंच घ्या. मशीनसाठी तर मशीनच्याच नावाने सांगितलेलं.

पाच, निघून जाईल का? विसळायला किती पाणी आणि वेळ लागतो ते बघा. तपासायला महागडं यंत्रच हवं असं नाही. भिंग घेऊन बिजागरी बघा. पोकळ नळीतून 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब सोडा. बुडबुडे आले तर आत रक्त आहे. त्यानंतर नळी पुन्हा धुवायची, अर्थात.

आणि भाव? तो बघायचा तर कॅनचा बघू नका, तयार द्रावणाचा बघा. समजा एक डिटर्जंट लिटरला 5 मिली लागतो आणि दुसरा 20 मिली. पहिल्याच्या एका लिटरमध्ये 200 लिटर द्रावण होतं, दुसऱ्याच्या लिटरमध्ये फक्त 50. वरवर दुप्पट महाग दिसणारा पहिलाच निम्म्यात पडतो. पण हे तेव्हाच, जेव्हा मोजायचं माप सिंकवर टांगलेलं असतं. अंदाजाने ओतलं की स्वस्त-महाग दोन्ही वाया.

सांडपाण्याचा सहावा प्रश्न

तारापूरबद्दल बोलतोय तर एक गोष्ट टाळता येत नाही. सिंकमधून गेलेलं पाणी कुठे जातं? 1950 च्या दशकात युरोप-अमेरिकेत नद्यांवर फेसाचे डोंगर साचले होते. तेव्हाचे डिटर्जंट निसर्गात कुजतच नव्हते. 1960 च्या दशकाच्या मध्याला रेणूची रचना बदलून कुजणारे डिटर्जंट आले. आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या मूल्यांकनात देशातल्या सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत तारापूर सगळ्यात वर होतं. इथल्या मच्छीमारांच्या मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली होती. एका इस्पितळाच्या बादलीचा यात वाटा नगण्य, पण जिथे समुद्रावर पोट असणारे शेजारी आहेत तिथे कॅनवर 'जैवविघटनशील' लिहिलंय का, हे बघायला अर्धा मिनिट लागतो.

शेवटी, हात कुणाचे?

2015 मध्ये केंद्र सरकारने सरकारी इस्पितळांसाठी 'कायाकल्प' योजना आणली, ज्यात स्वच्छतेला गुण मिळतात. जानेवारी 2020 मध्ये संसर्ग नियंत्रणाची राष्ट्रीय मार्गदर्शिका आली. कागदावर आता बरंच काही नीट आहे. पण डिटर्जंटची निवड अजून अनेक ठिकाणी खरेदीच्या टेबलावर होते, सगळ्यात कमी दराच्या कोटेशनवर. ज्या मावशी किंवा मामा रोज ते द्रावण हाताळतात, त्यांना कुणी विचारत नाही की याने बिजागरी निघते का, हाताला खाज येते का, पाणी पुरतं का.

शिमेलबुशच्या सोड्यापासून आजच्या एन्झाइमपर्यंत प्रत्येक सुधारणा धुणाऱ्याच्या हाताशी येऊन थांबते. कोमट पाणी थर्मामीटरने मोजायचं की बोटाने, ते तो हात ठरवतो. म्हणून त्या हाताला कॅनवरची सूचना मराठीत मिळाली पाहिजे, सिंकच्या वर चिकटवलेली. मोजमाप, मोजे, चष्मा आणि पुरेसा वेळ मिळाला पाहिजे. दोन ऑपरेशनांमध्ये दहाच मिनिटं दिली तर जगातला सर्वोत्तम डिटर्जंटही हरेल.

तुमच्या घरातल्या कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल, तर डॉक्टरांना 'ऑटोक्लेव्ह आहे ना?' हे तुम्ही विचारालच. त्यापुढे आणखी एक प्रश्न नम्रपणे विचारा : 'त्याआधी अवजारं धुतात कशाने, आणि कोण?' ज्या इस्पितळात याचं उत्तर पटकन आणि नेमकं मिळतं, तिथे मागच्या खोलीतलं काम कुणीतरी मनावर घेतलंय असं समजा.

तुमच्यापैकी कुणी ओटीत किंवा सीएसएसडीत काम करत असाल, तर तुमच्याकडची पद्धत आम्हाला जरूर कळवा. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत, काळजी घ्या.